शिंगं आहेत, म्हणून गाय

लेकीच्या रीझनिंगच्या सराव-पुस्तकात एक प्रश्न होता. विधान: सार्वजनिक ग्रंथालयांनी छापील पुस्तकं घेणं थांबवून फक्त डिजिटल पुस्तकं घ्यावीत का? युक्तिवाद १: हो; डिजिटल पुस्तकांना जागा लागत नाही, त्यामुळे त्याच इमारतीतून कितीतरी जास्त पुस्तकं देता येतील. युक्तिवाद २: नाही, कागदाचा वास आणि पान उलटण्याचा आनंद पडद्यावर मिळत नाही. सबळ युक्तिवाद कोणता? फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही, की एकही नाही?

मी लगेच म्हटलं, "फक्त दुसरा." मागच्या पानावर उत्तर होतं, "फक्त पहिला."

मला ते लागलं. माझं आयुष्य छापील पुस्तकांत गेलंय आणि ग्रंथालयांतून ती हद्दपार व्हावीत असं मला मुळीच वाटत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही मी मनातल्या मनात त्या उत्तरसूचीशी भांडत होते. भांडता भांडता लक्षात आलं, की मी दोन्ही युक्तिवाद तपासलेच नव्हते. 'नाही' हा शब्द दिसला आणि मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. पुस्तकाचा वास मलाही आवडतो, पण हजारो लोकांसाठी चालणाऱ्या संस्थेने काय विकत घ्यावं हे त्या वासावरून ठरवता येईल का? उलट, 'ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल किंवा संगणक नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयाचं दार बंद होईल' असं कुणी म्हटलं असतं, तर निष्कर्ष तोच राहिला असता, 'नाही', आणि मुद्दा मात्र भक्कम झाला असता. माझा निष्कर्ष चुकीचा नव्हता. त्याच्याखाली लावलेला टेकू पोकळ होता, आणि निष्कर्ष आवडता असल्यामुळे मी टेकूकडे पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही दोघी रोज रात्री दहा प्रश्न सोडवतो. तिची परीक्षा आहे. माझी कुठलीही परीक्षा नाही, तरी मला हे सोडवत नाही.

या प्रकारच्या प्रश्नांचा नियम साधा आहे. गुडविन वॉटसन आणि एडवर्ड ग्लेसर या दोघांनी तयार केलेली चिकित्सक विचारांची एक चाचणी जगभर वापरली जाते. तिच्या पाच भागांतला एक भाग युक्तिवादांच्या मूल्यमापनाचा आहे. त्यात सांगितलेलं असतं: दिलेला युक्तिवाद खरा आहे असं धरून चाला, तुमचं स्वतःचं मत बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. मुद्दा महत्त्वाचा आहे का? आणि तो विचारलेल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे का? दोन्ही असेल तर सबळ, एक जरी नसेल तर दुर्बळ. सबळ म्हणजे निर्णायक, असं कुठेच म्हटलेलं नाही. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना सबळ युक्तिवाद असू शकतात. मला तर वाटतं, ज्या प्रश्नांवर खरोखर विचार करावा लागतो, त्यांत ते असतातच.

'खरा आहे असं धरून चाला' या अटीवर माझं आणि लेकीचं बरंच वाजलं. खोट्या माहितीवर उभा असलेला मुद्दा सबळ कसा म्हणायचा? तिचं म्हणणं, "आई, आधी जोड बघायची, मग माहिती. जोडच नसेल तर माहिती खरी आहे की खोटी हे शोधण्यात वेळ कशाला घालवायचा?" हे मला पटलं. रोजच्या बोलण्यात आपण बरोबर उलटं करतो. समोरच्याचा आकडा चुकीचा आहे हे सिद्ध करण्यात तासभर घालवतो आणि तो आकडा बरोबर असता तरी त्यातून काही निघत नव्हतं, हे बघायचं राहून जातं.

ही जोड तपासणं दिसतं तितकं सोपं नाही, कारण 'कारण' हा शब्द ऐकला की कान निम्मे समाधानी होतात. १९७८ साली एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झेरॉक्स मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी विचारायचं, मला पाचच पानं काढायची आहेत, आधी काढू का? नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी पुढे जाऊ दिलं. 'मला घाई आहे' असं कारण दिल्यावर ९४ टक्क्यांनी. आणि 'कारण मला प्रती काढायच्या आहेत' असं म्हटल्यावर ९३ टक्क्यांनी! प्रती काढायच्या नसत्या तर तो तिथे आलाच कशाला असता? त्या वाक्यात कारणाचा फक्त आकार होता, आत काही नव्हतं. मात्र पानं पाचऐवजी वीस झाली, तेव्हा हे रिकामं कारण अजिबात चाललं नाही. कारण न देता विचारल्यावर जितके, तितकेच लोक तयार झाले, २४ टक्के. खऱ्या कारणाला ४२ टक्के. हा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. किंमत आपल्याला मोजावी लागणार असेल, तर आपण ऐकतो. ऐकण्याची ताकद आपल्यात असते. एरवी आपण ती वापरत नाही.

जोड कशी तपासायची याचं सगळ्यात सुबक उत्तर मला एका फार जुन्या ठिकाणी सापडलं. वैशेषिक सूत्रांत, म्हणजे वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मूळ ग्रंथात, चुकीच्या हेतूची दोन छोटी उदाहरणं दिली आहेत. हेतू म्हणजे इथे निष्कर्षासाठी दिलेलं कारण. एक: याला शिंगं आहेत, म्हणून हा घोडा. दुसरं: याला शिंगं आहेत, म्हणून ही गाय. पहिलं उघडच उफराटं आहे. शिंगं दिसली तर घोडा असूच शकत नाही. अशा चुका आपण सहसा करत नाही. घात होतो तो दुसऱ्यात. समोर गाय असेलही. पण म्हशीलाही शिंगं असतात, शेळीलाही असतात. कारण खरं आहे, निष्कर्ष कदाचित खरा आहे, आणि तरीही ते कारण त्या निष्कर्षाचं नाही; ते अनेकांच्या दारात सारखंच उभं राहतं. अशा हेतूला तिथे अनैकांतिक म्हटलंय, एका टोकाला न बांधलेला. नैयायिकांचा, म्हणजे न्याय या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांचा, सव्यभिचार तो हाच. आणि मराठीत आपण ज्याला वितंडवाद म्हणतो, त्या वितंडेची न्यायसूत्रांतली व्याख्याही बघण्यासारखी आहे: स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याची मोडत राहणं.

गाय-म्हशीचं हे उदाहरण हाताशी आल्यापासून मी प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारते: निष्कर्ष खोटा असता, तरी हे कारण इथे असंच दिसलं असतं का? दिसलं असतं, तर त्या कारणाचं वजन शून्याच्या जवळ. 'तो काही बोलला नाही, म्हणजे त्याचीच चूक असणार.' चूक नसलेला, दमलेला, घाबरलेला माणूसही गप्पच बसतो. 'औषध घेतल्यावर आठवड्यात सर्दी गेली.' औषध न घेताही साधारण तेवढ्यातच जाते. 'इतके लोक मानतात, काहीतरी तथ्य असेलच.' खोट्या गोष्टीही पुष्कळ लोकांनी शतकानुशतकं मानल्या आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं आपण म्हणतो ते याच जातीचं. फांदी तुटणारच होती का, हा प्रश्न त्या म्हणीच्या पोटात आहे.

पण सगळे मुद्दे असे एका फुंकरीने उडत नाहीत. काही मुद्दे दिसायला चोख असतात, मांडणाराही मोठा असतो, आणि त्यांचं वजन करायला वर्षं लागतात. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तो आजार नसलेले ७०९ रुग्ण यांची तुलना करून धूम्रपानाशी असलेला संबंध दाखवला. त्याला विरोध करणाऱ्यांत आर. ए. फिशर होते, आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि त्याच्यात कर्करोगही निर्माण करत असेल. मग सिगारेट बिचारी मधल्या मध्ये दोषी ठरेल.

फिशर स्वतः पाइप ओढत. तंबाखू उत्पादकांचे ते सल्लागार होते आणि त्याचे पैसे घेत. हे कळल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया होती, झालं, विषय संपला. लेकीने मला तिथेच थांबवलं. तिच्या पुस्तकाच्या नियमाने हा दुर्बळ प्रतिवाद आहे, आणि तिचं बरोबर होतं. ज्याचे हितसंबंध गुंतलेत त्याचं बोलणं दुप्पट काळजीने तपासावं. पण तपासायचं बोलणंच. पाइप न ओढणाऱ्या माणसाने हाच मुद्दा मांडला असता तर तो आपोआप बरोबर ठरला असता का? नुसता संबंध म्हणजे कारण नव्हे, हा फिशरचा आक्षेप तत्त्वतः योग्यच होता. आजही कुठलाही चांगला संशोधक तो स्वतःलाच आधी विचारतो.

उत्तर आलं ते १९५९ साली, जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांच्या लेखातून. त्यांनी फिशरच्या हेतूवर शंका घेण्याऐवजी त्यांचा मुद्दा खरा धरला आणि विचारलं, मग तो लपलेला गुण किती मोठा असायला हवा? धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊ पट दिसतो. सिगारेट निर्दोष असेल आणि हा सगळा फरक त्या लपलेल्या गुणाचाच असेल, तर तो गुण धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा निदान नऊ पट जास्त आढळायला हवा. असा गुण कुणीच दाखवला नव्हता. इथे फिशरच्या मुद्द्याचं खरं वजन झालं. मुद्दा सबळ की दुर्बळ यापेक्षा तो किती ओझं पेलू शकतो, हे मोजलं गेलं. एखादा छोटा फरक त्याने सहज पेलला असता. नऊ पटींचं ओझं त्याला पेलवलं नाही. दुसऱ्याचा मुद्दा मोडायचा तर तो आधी इतका मनापासून मांडून बघावा लागतो, हे मी त्या लेखाबद्दल वाचून शिकले. एरवी आपण साप म्हणून भुई धोपटतो आणि जिंकलो असं समजून घरी जातो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या बाबांचं वय ७८. गेली ४६ वर्षं ते गाडी चालवतायत. मागच्या वर्षी मी हट्ट धरला, की त्यांनी आता गाडी चालवणं बंद करावं. चार-पाच वेळा बोलणं झालं; दर वेळी शब्दाने शब्द वाढला आणि आईने मध्ये पडून विषय बदलला. बाबांचा मुद्दा एकच असायचा: "इतक्या वर्षांत एकही अपघात केला नाही मी." माझे मुद्दे पुष्कळ होते, आणि ते पुष्कळ आहेत याचाच मला भरवसा होता.

एका रात्री दहा प्रश्न लवकर संपले, म्हणून मी एका कोऱ्या कागदावर अकरावा लिहिला. विधान: ७८ वर्षांच्या, तब्येत बरी असलेल्या व्यक्तीने गाडी चालवणं पूर्ण थांबवावं का? खाली माझे पाच मुद्दे, पुस्तकी भाषेत. एक, या वयात कुणी गाडी चालवत नाही. दोन, ओळखीतल्या एका गृहस्थांना मागच्याच महिन्यात अपघात झाला. तीन, काही झालं तर केवढ्याला पडेल! चार, घरातल्या सगळ्यांचं हेच मत आहे. पाच, ती व्यक्ती गाडी घेऊन बाहेर असली की मुलीला झोप लागत नाही. कुणाचे, काय, काही सांगितलं नाही. कागद लेकीपुढे सरकवला.

तिने पेन्सिल उचलली. पहिल्यापुढे 'दुर्बळ'. दुसऱ्यापाशी थांबली आणि विचारलं, "त्यांचं वय काय होतं?" मी म्हटलं, "बावन्न." तिने 'दुर्बळ' लिहिलं. तिसऱ्यापुढे लिहिलं, 'हे सगळ्याच चालकांना लागू.' शिंगं आहेत, म्हणून गाय. मी स्वतः रोज गाडी चालवते, तो मुद्दा माझ्याही दारात तितकाच उभा होता. चौथ्याला तिने विचारलं, "सगळे म्हणजे किती?" मी, माझा भाऊ, वहिनी. आणि त्या दोघांना हे मत मीच फोनवर तासभर बोलून पटवलं होतं. आवाज तीन होते, उगम एक. पाचव्यापाशी ती बराच वेळ होती. मग हळूच म्हणाली, "हे महत्त्वाचं आहे गं. पण याने गाडी थांबवायला नको, फोन करायला हवा. पोचल्यावर फोन करा, असं सांगता येईल ना?" आणि कागद परत देताना विचारलं, "आजोबांबद्दल आहे का हे?"

१९८३ साली जोनाथन एव्हान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लोकांना काही अनुमानं तपासायला दिली होती. त्यातली जी तर्काने चुकीची होती पण ज्यांचा निष्कर्ष विश्वासार्ह वाटत होता, ती सरासरी ७१ टक्क्यांनी बरोबर म्हणून स्वीकारली. चूक तशीच ठेवून निष्कर्ष न पटणारा केला, तेव्हा हेच प्रमाण १० टक्क्यांवर आलं. सगळ्या पक्ष्यांना दोन पाय असतात, मोराला दोन पाय असतात, म्हणून मोर पक्षी आहे: हे ऐकून आपण मान डोलावतो, कारण मोर पक्षी आहेच. मोराच्या जागी माणूस घाला. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, लेकीला समजावून सांगितलेलं होतं. तरीही बाबांच्या बाबतीत मी त्या ७१ टक्क्यांत होते, आणि मला मोराच्या जागी माणूस घालून दाखवायला एक पोरगी लागली जिला मुद्दे कुणाचे हे माहीत नव्हतं.

मग मी बाबांचा एकुलता एक मुद्दा त्याच पेन्सिलीखाली धरला. ४६ वर्षांत एकही अपघात नाही. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. बाबांचा संयम, अंतर राखून चालवणं, घाई न करणं, हे सगळं त्या ४६ वर्षांतलंच आजही आहे. त्याबाबतीत मुद्दा सबळ, आणि तो मी एकदाही मान्य केला नव्हता. डोळे मात्र तेच राहिलेले नाहीत. ते भांडं वेगळं.

पुढच्या भेटीत मी हेच बोलले. आधी त्यांच्या मुद्द्यात किती जीव आहे ते, मग माझे पाचही मुद्दे मी स्वतः खोडले ते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री समोरून गाडी आली ना, की दिवे फुटल्यासारखे दिसतात. सगळीकडे पसरतात. दोन-तीन महिने झाले."

एवढ्या भांडणांत हे कधीच निघालं नव्हतं. सगळ्यात सबळ मुद्दा त्यांच्याकडे होता, माझ्या बाजूचा, आणि मी हल्ला करत होते तोवर तो बाहेर काढणं त्यांना परवडणारं नव्हतं.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. नंतरच्या तपासणीत नजर चांगली भरली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. म्हणजे पूर्ण बंद करा, हा माझा निष्कर्षही टिकला नाही. अंधार पडल्यावर चालवायची नाही, हे त्यांनी आपणहून ठरवलं.

तो कागद मी त्यांना दाखवला होता. परत मिळाला तेव्हा खाली त्यांच्या अक्षरात त्यांचा मुद्दा होता, '४६ वर्षांत एकही अपघात नाही', आणि त्यापुढे कंसात दोन शब्द आणि एक अट: (दिवसा चालवताना, डोळे दर सहा महिन्यांनी तपासले असतील तर). लेकीने तो वाचला, पेन्सिल शोधली आणि पुढे 'सबळ' लिहिलं.

काल दुपारी ते आईला घेऊन गाडीने मावशीकडे गेले. चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला, पोचलो.